बॉनेटमधलं कुंकू

पहाटे साडेपाचला पुणं सोडलं तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर एक उशी आणि एक शाल होती. दोन्ही आक्कासाठी. माझी थोरली बहीण सुमनआक्का पंधरा दिवस सोलापुरातल्या एका दवाखान्यात पडून होती. आदल्या संध्याकाळी फोनवर तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती.

"उद्या सोडणार हायत मला. तुज्या मोठ्या गाडीतनं घरी न्हे. ॲम्ब्युलन्समधनं मी जायची न्हाय, गल्लीत बोंब हुईल."

ती बरी झाली म्हणून सोडणार नव्हते. डॉक्टरांनी हात टेकले होते. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं तिलाही होतं. दवाखान्यातून सोलापुरातल्याच भवानी पेठेतल्या तिच्या घरी तिला माझ्या गाडीतून न्यायचं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

भिगवणजवळ उजाडलं. उजनीच्या पाण्यावर धुकं होतं आणि काठाला पक्षी बघायला आलेल्या लोकांच्या गाड्या उभ्या होत्या. एरवी मीही थांबलो असतो. तिथंच इंजिनाचा पिवळा दिवा लागला. तो दिवाळीपासून मधूनमधून लागायचा आणि आपोआप विझायचा. मी माणूसच असा, की विझलं म्हणजे बरं झालं असं समजतो. गॅरेजला उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत फेब्रुवारी आला होता.

टेंभुर्णी मागं पडली आणि गाडीनं अंग टाकलं. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी काटा चाळिसाच्या पुढं सरकेना. समोर अक्षरं उमटली, इंजिनाची ताकद कमी केली आहे म्हणून. कुणी केली, कुणाला विचारून केली, काही पत्ता नाही. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की दोन किलोमीटर शहाण्यासारखी पळायची, की परत तेच. दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून मला ओलांडून गेला. एवढी लाखांची गाडी आणि ट्रॅक्टरच्या मागं. आक्का गाडीत असती तर पोट धरून हसली असती.

तसाच रखडत मोडनिंबला पोचलो. रस्त्याकडेला लिंबाखाली एक गॅरेज होतं. मेकॅनिक हणमंत, चाळिशीचा, कानाला पेन्सिल. मी घाईत आहे, बहिणीला दवाखान्यातून घरी न्यायचंय, असं सांगितल्यावर त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि आकडे वाचत राहिला.

"थ्रॉटलचा सेन्सर दाकवतंय. म्हंजे इंजिनात हवा सोडायची झडप किती उगडली, ते सांगणारा. ते एक सोडून दोन असत्यात. दोगांनी एकच सांगाय पायजे. एक एक बोलला, दुसरा दुसरंच, तर कॉम्प्युटर कुणावरच इस्वास ठेवत न्हाय. ताकद काढून घेतो."

"मग बदलायचा का?"

"नवा सोलापुरातनं यायचा. आज न्हाय, उद्या." माझा चेहरा बघून तो म्हणाला, "थांबा की. पार्ट गेलाच आसं न्हाय."

त्यानं स्कॅनर माझ्या हातात दिला, बॉनेट उघडलं आणि आकडा उडी मारतो का ते बघायला सांगून एकेक वायर हलवू लागला. हे काम सावकाशीचं होतं. मी सारखा घड्याळ बघतोय म्हटल्यावर त्यानं मला शेजारच्या टपरीवर पिटाळलं आणि आकड्यांवर स्वतःच नजर ठेवली. तिथं धपाटं (कांदा-मसाला घालून थापलेली ज्वारीची जाड भाकरी) आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. एक खाल्लं. भूक होती, दुसरंही घेतलं.

ते खात होतो तेवढ्यात हणमंतनं हाक मारली. थ्रॉटलच्या वायरीचा प्लग त्यानं काढून धरला होता. आतल्या पिनांवर हिरवा गंज चढला होता आणि कडेला लालभडक काहीतरी वाळून बसलं होतं. त्यानं नखानं खरवडलं, वास घेतला.

"सायेब, हे कुंकू हाय."

मला एकदम खंडेनवमी आठवली (दसऱ्याच्या आदला दिवस, हत्यारं आणि वाहनं पुजायचा). मी सोलापुरातच होतो. आक्का हळदीकुंकवाचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि बॉनेट उघडायला लावलं. "नुसत्या चाकाला काय पुजायचं? गाडी चालवतंय ते आत हाय की." मी म्हटलं, "अगं, आत वायरी आहेत, भिजतील." त्यावर तिनं कुंकू कालवलेलं पाणी चांगलं ओंजळभर शिंपडलं. "देवाच्या पाण्यानं काय हुतंय? माजा भाऊ सुकरूप पोचला पायजे."

हणमंत हसला. "प्लगाचं रबर चिरलंय, तितनं पाणी आत गेलं. दसऱ्याला लई गाड्या येत्यात आशा." त्यानं फवारा मारून ब्रशनं पिना घासल्या, फडक्यानं पुसल्या. फडकं लाल झालं. स्कॅनरवरून बिघाडाचा कोड पुसून गाडी चालू केली, तर पहिल्यासारखी गुरगुरली. "ताईस्नी सांगा, फुडल्या दसऱ्याला चाकालाच पाणी घाला म्हनावं."

"सांगतो," म्हटलं आणि निघालो. दोन तास गेले होते.

मोहोळच्या अलीकडं भाच्याचा, प्रकाशचा फोन आला. "मामा, कुटं आलाय?"

"मोहोळ आलंच. अर्ध्या-पाऊण तासात पोचतो."

"आता सावकाश या," तो म्हणाला. "येताना माहेरची साडी घेऊन या."

आक्का साडेदहाला गेली होती. मी हिशेब केला. मी तेव्हा दुसरं धपाटं खात होतो.

भवानी पेठेत एका लहान दुकानात शिरलो. मालकीण आत कुणाशी तरी तेलुगूत बोलत होती. हिरवी साडी मागितली, तर तिनं हौसेनं चार उलगडल्या आणि विचारलं, "बहिणीला का? काय कार्यक्रम आहे?" "माहेरची साडी," एवढंच मी म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिला उमगलं. बाकीच्या साड्या बाजूला सारून तिनं एकीची घडी घातली, घडीवर हळदीकुंकवाची दोन बोटं टेकवली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

दवाखान्याच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी होती. मी प्रकाशला म्हणालो, "हिच्यातून नाही. तिनं मला सांगितलंय." मागची सीट पाडली. पुण्याहून आणलेली उशी तिच्या डोक्याखाली दिली, वर शाल घातली. गाडीत ताकद पुरी आली होती. पाय नुसता टेकवला तरी पळायला बघत होती, आणि मी वीसच्या वर गेलो नाही. गल्लीत बोंब व्हायची ती झालीच. घराच्या ओट्यावर, बायकांच्या आडोशात, तिच्या अंगावर मी हिरवी साडी घातली.

तेरावा करून परत निघालो. पुण्याचा रस्ता तोच, ऊसवाले ट्रॅक्टरही तेच. दिवाळीतच गॅरेजला गेलो असतो तर ते दोन तास मला मिळाले असते, हे मी कुणाला सांगितलं नाही. इथं लिहितोय. तिनं मी सुखरूप पोचावं म्हणून पाणी घातलं होतं, आणि मी सुखरूपच पोचलो.

मोडनिंबला मुद्दाम थांबलो. हणमंतनं गाडी लांबूनच ओळखली. न सांगता बॉनेट उघडून प्लग दाबून बघितला.

"ब्येस हाय," तो म्हणाला. "काय मग, ताईस्नी सांगितलं का? पानी घालू नका म्हनून?"

"नाही," मी म्हणालो. "सांगायचं राहून गेलं."