दोन कोयत्यांचा एक कोयता

"स्कोअर फारच कमी आहे, मॅडम. सुमनबाईंना शहरातच ठेवावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"त्या राहणार नाहीत, सर. 'तिकडं राहायचं आसंल तर मला सलाईनच नको' म्हणाल्यात."

मी कॅन्सर विभागात समाजसेविका आहे. घरात कॅन्सर आल्यावर कुटुंब किती तग धरतं, हे आम्ही मोजतो. त्यासाठी ठरलेले प्रश्न असतात, त्याला स्केल म्हणतात. स्कोअर चांगला आला तर केमो तालुक्यालाच. सकाळी सलाईन, संध्याकाळी घरी. पण केमोनंतर ताप आला तर पेशंट लगेच हलवावा लागतो. घरी लक्ष ठेवणारं कुणी नसेल तर ते जिवावर बेततं.

सुमनबाई आष्टी तालुक्यातल्या. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं. एका चुलीवर किती जण जेवतात? दोघं, मी आन मालक. मालक ऊसतोडीला गेलेले. आजाराबद्दल घरात मोकळेपणाने बोलता का? न्हाई. मदत कोण करतं? कुणी न्हाई. स्केलच्या हिशोबाने बाई एकटी.

"एकदा घर बघून येते, मग ठरवा," मी म्हटलं.

"बघा. पण सोमवारी केमो आहे."

गावात निम्म्या घरांना कुलपं होती. सुमनबाई बाजेवर बसल्या होत्या आणि त्यांच्या चुलीपुढे दुसरीच बाई भाकरी थापत होती.

"या कोण?"

"जाऊ," सुमनबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "वेगळं निघालेली. घरातली कशी म्हनू?"

"हिला माझ्या चुलीवरची भाकर चालत न्हाई," जाऊ म्हणजे शोभाबाई म्हणाल्या. "मंग हितं हिची करायची, तिकडं जाऊन माझी."

"मी बोलिवलं व्हतं का तुला?"

"बघा. आंगात कणकण हाय का इचारलं तरी भांडती."

"सारखं माझ्या कपाळाला हात लावती वो ही, मॅडम. डोळा लागू देत न्हाई."

मला एकदम खटकलं. "शोभाबाई, हंगाम चालू आहे. तुम्ही गावात कशा?"

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एक तोडतो, दुसरा मोळ्या बांधतो. जोडीतलं एक घरी राहिलं की कोयता मोडतो, आणि एकट्याला मुकादम नेत नाही.

शोभाबाईंनी भाकरी उलटली. "आमचे मालक आन हिचे मालक, दोघा भावांनी मिळून एक कोयता केला. हिला बघाया कुणी नको का?"

दोन घरांनी दोन कोयते मोडून एक केला होता, आणि आमच्या कागदावर ही बाई एकटी होती. मी चहा तसाच ठेवून उठले. रेंज पाण्याच्या टाकीपाशी मिळायची. तिथपर्यंत जवळजवळ पळतच गेले.

"सर, आपण चूल मोजली. कोयता मोजलाच नाही."

"मॅडम, आधी श्वास घ्या."

मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "प्रश्न बदलता येणार नाही. व्हॅलिडेशन जाईल." व्हॅलिडेशन म्हणजे स्केल जे मोजायचं तेच मोजतं, याची आधी करून घेतलेली खात्री.

"प्रश्न तेच राहू द्या. कुटुंबात कुणाला धरायचं, तेवढं बदलू. शोभाबाईंना धरून परत इंटरव्ह्यू घेते. आत्ताच."

"घ्या. ताप आला तर काय करणार, तेही विचारा."

विचारलं.

"जीपवाल्याला कवाच सांगून ठिवलंय," शोभाबाई म्हणाल्या. "जेवत आसला तरी उठून येतो म्हनला."

सोमवारी सुमनबाईंचं सलाईन तालुक्याला लागलं. पुढचीही तिथेच लागली. एकदा ताप चढला तेव्हा जीप वेळेवर पोहोचली.

आता ऊसतोडीच्या घरी स्केल काढण्याआधी मी विचारते, यंदा तुमच्यासाठी कुणी कोयता मोडला का? मगच कुटुंबाची माणसं लिहिते.

'मोकळेपणाने बोलता का' या प्रश्नात दोघी जावा मात्र दुसऱ्यांदाही नापास झाल्या. मी ते उत्तर तसंच ठेवलं. भांडणाला मार्क द्यायची सोय स्केलमध्ये नाही.