गाडी येण्यापुरती वाट

संकटाची इतकी तयारी करून बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि संकटाने ज्याला इतका पद्धतशीर दगा दिला असाही दुसरा पाहिला नाही. आमचे सुभेदार सैन्यातून निवृत्त होऊन घाटकोपर आणि साकीनाक्याच्या मधल्या टेकडीवर राहायला आले तेव्हा ऐंशीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. सैन्यात ते इंजिनिअर्समध्ये होते. नोकरीची बरीच वर्षे त्यांनी शत्रूपेक्षा पुराशीच लढण्यात घालवली होती. वाहून गेलेल्या पुलाच्या जागी नवा पूल टाकायचा, छपरांवर बसलेली माणसे उतरवायची, ढिगारे उपसायचे. आता साकीनाक्याच्या एका कारखान्यात ते वॉचमनांवरचे अधिकारी होते. तिथे त्यांना पगार मिळे. टेकडीवर ते बिनपगारी सेनापती होते आणि या सेनापतीची एकच मोहीम होती: आमच्या गल्लीतून फौजेचा ट्रक थेट वरच्या नळापर्यंत गेला पाहिजे.

त्यासाठी त्यांनी ट्रकच्या रुंदीचा एक बांबू तोडून घेतला होता. दोन्ही बाजूंना वीतभर जागा जास्त धरली होती, कारण घाईत ड्रायव्हरचा हात हलतो असे त्यांचे म्हणणे. दर रविवारी सकाळी, दाढी करून, इस्त्रीची खाकी पँट घालून ते हा बांबू दोन्ही हातांत आडवा धरत आणि मोठ्या रस्त्यापासून चढायला लागत. बांबूला ते बांबू म्हणत नसत, गाडी म्हणत. पिंप, खाट, शिडी, पानवाल्याची टपरी, कशालाही बांबूचे टोक टेकले की सुभेदार थांबत आणि न ओरडता म्हणत, "गाडी अडली." मग ती वस्तू हलेपर्यंत ते जागचे हलत नसत. एकदा एका नव्या भाडेकरूने पिंप हलवायला नकार दिला, तर सुभेदार जेवणाच्या वेळेपर्यंत तसेच उभे राहिले. त्यांची बायको, आमच्या काकू, ताट घेऊन आल्या. "गाडी सोडून जेवता येत नाही," असे म्हणून त्यांनी ताट परत पाठवले. भाडेकरूच्या बायकोने अखेर पिंप आत घेतले, आणि वर त्यांना चहाही दिला.

गणपतीच्या मंडळाशी त्यांचे दरवर्षी वाजे. मंडळाला मांडव गल्लीच्या मधोमध हवा असे, सुभेदारांना तो गटारावर फळ्या टाकून कडेला हवा असे. "काय सुभेदार, बाप्पाला पण साइड द्यायला लावता?" असे मंडळाच्या अध्यक्षाने विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाप्पा सरकतो रे, त्याचं काही नाही. तुझा लाउडस्पीकरच सरकत नाही." मांडव कडेला गेला. लग्नाच्या आमंत्रणाला गेले की ते वधूवरांच्या आधी हॉलची दारे पाहत. नातेवाईक त्यांना टाळत. मीही कधीकधी टाळत असे, कारण मी संध्याकाळच्या एका दैनिकासाठी उपनगरांच्या बातम्या देत असे आणि भेटलो की ते मला एकच बातमी सुचवत: आमच्या टेकडीवर ट्रक जाऊ शकतो.

या वेडाच्या मुळाशी एक गोष्ट होती. ती ते अर्धीच सांगत. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावात पूर आला होता, यांची तुकडी दिवसरात्र गाडी चालवून तिथे पोचली, आणि गावाच्या तोंडाशी एका दुकानाच्या ओट्यापाशी ट्रक अडकला. समोरच्या छपरावर माणसे दिसत होती, होड्या ट्रकमध्ये होत्या. इथपर्यंत आले की सुभेदार काकूंकडे चहा मागत. पुढे काय झाले ते मी विचारले नाही. "फौज हजार मैल येते," ते म्हणत, "आणि शेवटच्या पन्नास पावलांत मार खाते. ती पावलं आपली असतात."

दुसरी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती, जी आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. फौज आपणहून येत नाही. मुलकी अधिकाऱ्याने मागणी केली तरच ती बराकीबाहेर पडते. तोवर समोर आग लागली तरी तिने पाहत राहायचे असते, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर फौज रोजच रस्त्यावर दिसेल, असे ते समजावून सांगत. म्हणून मे महिना संपता संपता ते वॉर्ड ऑफिसात जात आणि एकच प्रश्न विचारत: उद्या टेकडी घसरली तर फौजेला कोण बोलावणार? एका वर्षी मीही बरोबर होतो. टेबलामागचा माणूस म्हणाला, "ते वरून होतं."

"वर म्हणजे किती वर?"

"काका, टेकडी घसरली का? नाही ना? मग आधी घसरू तर द्या."

सुभेदारांनी त्याचे आभार मानले. जिना उतरताना ते मला म्हणाले, "हा माणूस खोटं बोलला नाही. ह्याला खरंच माहीत नाही."

टेकडीवर त्यांना पुरून उरणारी व्यक्ती एकच होती, शेवंतामावशी. सगळ्यात वरच्या ओळीत, संरक्षक भिंतीच्या खाली तिची खोली होती. नवरा गिरणीत होता. संपानंतर गिरणी गेली आणि पुढे तोही गेला. मावशी चार घरची धुणी आणून धूत असे आणि तिचा धुण्याचा दगड दाराबाहेर, बरोबर गल्लीत, पडलेला असे. बांबू दर रविवारी त्या दगडापाशी अडे. दोघेही मालवणकडचे, त्यामुळे भांडण घरच्या भाषेत चाले आणि ते ऐकायला खालच्या ओळीतली माणसे वर येत.

"सुभेदारानू, तुमची गाडी येतली तेव्हा दगड उचलतंय. आज माका कपडे धुवूचे आसत."

"ती सांगान येवची नाय, बाये."

"मगे तुमका तरी कशी कळतली?"

सुभेदार बांबू धरून उभे राहत आणि मावशी त्यांच्या पायांवर साबणाचे पाणी उडेल अशा बेताने धुणे आपटत राही. हे दोनतीन वर्षे चालले. मग एका रविवारी दगड तिथे नव्हता. मावशीने तो दोन माणसे लावून खोलीत घेतला होता आणि आता ती आतच, चुलीशेजारी, ओल्यात बसून धूत होती. "तुमच्या त्या बांबूची दया इली," ती म्हणाली. त्या दिवशी गाडी पहिल्यांदा नळापर्यंत गेली. सुभेदारांनी सबंध वस्तीला जिलबी वाटली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, सलग तीन दिवस पाऊस लागल्यावर, सुभेदार वरच्या ओळीत दारोदार गेले आणि सगळ्यांना खालच्या शाळेत झोपायला पाठवले. भिंतीला पोट आले होते. ती बाहेर येत होती आणि तिच्या फटींतून गढूळ पाणी सुटले होते. माणसे कुरकुरत गेली. मावशीही गेली, पण सकाळी स्टोव्ह आणि धुण्याची गाठोडी आणायला परत वर निघाली. लोकांचे कपडे भिजले तर भरून कोण देणार, हा तिचा प्रश्न होता. सुभेदार गल्लीत आडवे आले. ती त्यांना वळसा घालून गेली. "काय झाला तर तुमची फौज आसाच मां," ती हसत म्हणाली. हे ती त्यांना चिडवायला म्हणाली की खरेच मानून, ते सांगता येत नाही. सुभेदारांनी पुढे ते तिने खरे मानूनच म्हटले असे धरले.

ती आत असताना भिंत पडली.

आठ खोल्या गेल्या. सात रिकाम्या होत्या. आठवीतून, काँक्रीटच्या एका मोठ्या तुकड्याखालून, मावशीचा आवाज येत होता. अग्निशमन दलाचे जवान लवकर आले आणि पहारी, दोर घेऊन भिडले, पण तो तुकडा उचलायला मोठे जॅक आणि टेकू हवे होते. फौजेला बोलवा म्हणून सांगायला सुभेदार खाली रेशनच्या दुकानात जाऊन सरकारी कचेऱ्यांना फोन करून आले. साहेब पाहणीला गेले होते. दुसऱ्या साहेबांना अधिकार नव्हता. तिसऱ्या ठिकाणी मागणी लेखी लागेल असे सांगण्यात आले. परत वर आल्यावर ते ढिगाऱ्यावर पालथे झोपले आणि फटीत तोंड घालून म्हणाले, "गाडी इली, बाये. धीर धर." गाडी तेव्हा निघालीही नव्हती.

आतून ती म्हणाली, "माझो दगड आडवो नाय मां?"

"नाय. वाट मोकळी आसा."

हे मी जवळ उभा राहून ऐकले. माझ्या बातमीत ते गेले नाही. बातमीत ज्याला स्थान असते ते थोड्याच वेळात आले. मंत्र्यांना मागणी लागत नाही. त्यांच्या तीन पांढऱ्या गाड्या मोठ्या रस्त्यावरून वळल्या आणि सरळ वर आल्या, पार नळापर्यंत, कारण आसपासच्या सगळ्या टेकड्यांत मोटार चढेल अशी हीच एक गल्ली होती. दुसऱ्या कुठल्याही वस्तीत त्यांना चिखलातून चालावे लागले असते, आणि कदाचित ते गेलेही नसते. गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्या. मंत्रीसाहेब वरच्या बाजूला छत्रीखाली माहिती घेऊ लागले, आणि ड्रायव्हर किल्ल्या खिशात घालून चहाच्या शोधात गेले.

अखेर कुठूनतरी मागणी गेली असावी; फौजेचा ट्रक दुपारी आला आणि तिसऱ्या पांढऱ्या गाडीच्या मागे थांबला. सुभेदार घरात जाऊन बांबू घेऊन आले. तो त्यांनी गाडीच्या डिकीला टेकवला आणि रविवारच्याच आवाजात म्हणाले, "गाडी अडली." गाडीपाशी उभा असलेला पोलीस हसला. पण वस्तीतले लोक हसले नाहीत. इतकी वर्षे त्या दोन शब्दांवर पिंपे उचलायची त्यांना सवय होती. पानवाला, मंडळाचा अध्यक्ष, तो पिंपवाला भाडेकरू असे दहाबारा जण पुढे झाले आणि त्यांनी ती मोटार मागून उचलून गटाराकडे सरकवली. दुसऱ्या गाडीला हात घातला तेव्हा पोलिसांनी काठ्या आडव्या केल्या. सरकारी गाडीला हात लावायचा नाही. साहेबांना विचारावे लागेल. साहेब बोलत होते.

तोवर जवानांनी वाट पाहणे सोडले होते. जॅक, टेकू, तुळया, जे खांद्यावर येईल ते घेऊन ते भिंतीला अंग घासत वर चढले. जनरेटर आणि वजनदार सामान खालीच राहिले. जवान वर पोचल्यावर पाहण्यासारखे काम झाले. कोणी कोणाला ओरडत नव्हते. त्यांचा कॅप्टन, वयाने लहान असलेला, स्वतः चिखलात गुडघे टेकून टेकूखाली फळ्या लावत होता आणि प्रत्येक फळीनंतर हात वर करून सगळ्यांना गप्प करत होता, आतला आवाज ऐकायला. पहिल्या दोनतीन वेळा आवाज आला. मग सुभेदार पुन्हा फटीशी जाऊन बोलू लागले आणि बराच वेळ एकटेच बोलत राहिले. उजेड कमी होताना मावशीला बाहेर काढले. कॅप्टनने टोपी काढली. आणखी थोडे आधी पोचलो असतो तर, असे काही तो म्हणाला नाही. सैन्यात ते म्हणत नसावेत.

जाण्यापूर्वी मंत्री बोलले होते. लष्कराचे जवान वेळेवर धावून आले याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. ते वाक्य मात्र बातमीत पहिल्या परिच्छेदात गेले. पुढे भिंतीच्या जागी नवी भिंत झाली आणि नळापाशी, गल्लीच्या मधोमध, जवानांच्या कार्याच्या गौरवार्थ एक चौथरा बांधण्यात आला. संगमरवरावर मंत्र्यांचे नाव आहे. कोपऱ्याला वळसा घालून हातगाडी कशीबशी जाते. चौथऱ्याच्या उद्घाटनाला सुभेदारांना व्यासपीठावर बोलावले होते. ते कारखान्यात ड्यूटीवर गेले.

रविवारची फेरी त्यांनी बंद केली. पहिले काही रविवार लोकांनी सकाळी आपापल्या वस्तू आत घेतल्या आणि वाट पाहिली. मग एकदा पानवाल्याने त्यांना थांबवून विचारले, "सुभेदार, टपरी जराशी पुढे घेतली तर चालेल ना?" ते "घे" म्हणाले. पानवाल्याला ते आवडले नाही. त्याने टपरी महिनाभर हलवली नाही. पण पुढे हलवली, आणि मग सगळ्यांनीच हलवले. मी सुभेदारांना एकदा छेडले, तेव्हा ते म्हणाले, "वाट नसती तर त्या पांढऱ्या गाड्या वर आल्या नसत्या." यापुढे या विषयावर ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मुलीने कांदिवलीला घर घेतल्यावर सुभेदार आणि काकू तिकडे गेले.

त्या संध्याकाळचे मात्र आणखी थोडे सांगायचे आहे. मावशीला खाली नेल्यावर कॅप्टन हात धुवायला सुभेदारांच्या दारात आला. काकूंनी त्याला चहा दिला. तो उभ्यानेच पीत होता, आणि त्याच्यासमोर सुभेदार, चिखलाने माखलेला बनियन आणि तीच खाकी पँट अशा वेषात, टाचा जुळवून उभे होते. गल्लीकडे पाहत कॅप्टन हिंदीत म्हणाला की डोंगरावरच्या झोपडपट्ट्यांत मी पुष्कळदा गेलो, पण आमची गाडी वरपर्यंत जाईल एवढी वाट कुठे पाहिली नाही. कोणी ठेवली?

"एक औरत थी, साब," सुभेदार म्हणाले. "इधर ऊपर रहती थी."

मेरा शुक्रिया बोलना उसको, असे कॅप्टन म्हणाला. तो थकला होता, तो 'थी' त्याच्या लक्षात आला नसावा. सुभेदारांनी "जी साब" म्हटले, त्याच्या हातातला रिकामा कप घेतला आणि तो आत काकूंकडे न देता स्वतःच मोरीवर बसून कितीतरी वेळ विसळत राहिले.