थोरल्या भावाची मोटारसायकल

ती गाडी माझी नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण तेव्हा तिच्यावर बसून हिंडताना मी ते कुणाला सांगत नसे.

थोरला भाऊ फौजेत. तो सुट्टीवर आला की गाडी त्याची, एरवी ती आमच्या गोठ्याशेजारच्या छपरात पोत्याखाली झाकलेली. सत्तर सालानंतरची ती वर्षं. कुंडलच्या बाजूला साडेतीनशे सीसीची मोटारसायकल आली की उसात पाणी पाजणारा माणूससुद्धा खोरं टेकवून बघत राहायचा. जाताना भावानं एवढंच बजावलं होतं, "चालव खुशाल. पर तेल बघितल्याबिगर किक मारायची न्हाई."

मी औंधच्या जत्रेला गेलो, तो तेल न बघताच. यमाईदेवीच्या डोंगराच्या चढाला इंजिन कण्हलं, मागचं चाक अडकलं आणि गाडी माणसांच्या गर्दीत खिळली. आत पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. ट्रकात घालून ती घरी आणली, पुन्हा पोत्याखाली ठेवली आणि वर गवताची पेंढी टाकली.

माझा एक मित्र होता. जतकडचा, घर मेंढपाळांचं. बाप अजून मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला यायचा, पण हा कुंडलात पत्र्याचं दुकान टाकून शेतावरच्या पंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. पोतं उचलून त्यानं गाडी बघितली आणि म्हणाला, "दादा यायच्या आत चालू करून देतो. पर तू हाताखाली थांबायचं. गाडी मोडताना एकटाच हुतास, आता जोडताना तरी दोघं असू."

भाऊ पुढच्याच आठवड्यात यायचा होता. मोडलेल्या गाडीशेजारी उभं राहून त्याच्या तोंडाकडे बघायचं, या विचारानं मला जेवण जात नव्हतं.

सांगलीच्या लेथवर सिलिंडर आतून घासून, बोअर करून आणला. नवा पिस्टन, नव्या रिंगा. मित्रानं आणखी एक सांगितलं होतं. इंजिनाच्या बाजूला एक छोटं गोल झाकण असतं, त्याच्या आत ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट बसतात. त्या झाकणाखालचं पॅकिंग फाटलं होतं, तेवढं नवं आण, म्हणाला. मी विसरलो. म्हणालो, "चालतंय की जुनंच." त्यानं जुनंच पुसून बसवलं.

इंजिन बसलं. प्लग बाहेर काढून मित्रानं किक दाबली, तर निळी ठिणगी चटाचट पडली. प्लग आवळला. आता पेट्रोल सोडायचं आणि किक मारायची, एवढ्यात आई ताट घेऊन आली.

आमच्याकडे नवं किंवा उघडून जोडलेलं यंत्र पूजेशिवाय फिरवत नाहीत. विहिरीवरचं डिझेल इंजिन बसवलं तेव्हाही हळदकुंकू लावून, नारळ वाढवून त्याचं पाणी इंजिनावर घातलं होतं. इथं तर आईचा हिशोब आणखी पक्का होता. गाडी देवीच्या दारात बंद पडली, म्हणजे देवीचा नारळ राहिला. "फोड रं," ती म्हणाली, "आन् पानी समदं अंगावर घाल तिच्या." मी नारळ फोडला आणि इंजिनावर मनापासून ओतला.

किक मारली. काही नाही. मित्रानं मारली, मी मारली, पाय भरून आले. आतून साधी शिंकसुद्धा आली नाही.

मित्रानं सगळं उघडलं. टायमिंगच्या खुणा जुळवल्या, सवयीनं फडकं फिरवून पॉइंट घासले, ठिणगी बघितली. पुन्हा निळीशार. झाकण लावलं. आई नवा नारळ घेऊन उभीच. "पयला नारळ गोड नसंल लागला तिला," म्हणाली. पुन्हा फोडला, पुन्हा ओतला. पुन्हा काही नाही. तिसऱ्या खेपेलाही तेच झालं. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे, आणि इंजिन मेल्यासारखं गप्प. आता छपराशी माणसं जमायला लागली होती. एक म्हातारा म्हणाला, "बैल जुपा त्येला, फिरंल." सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

जे बोललो ते त्या आठवड्यानंतर इतकी वर्षं मी कुठंच उच्चारलं नाही. आज लिहितो. मी मित्राला सगळ्यांदेखत म्हणालो, "मेंढरं राखणाऱ्याच्या हातात इंजिन दिलं, चूक माझीच. जा, मेंढरंच राख."

कुणी हसलं नाही. त्यानं पाने-पक्कड फडक्यात गुंडाळली, आईला म्हणाला, "येतो मावशे," आणि चालत निघून गेला. कुंडलपर्यंत चालत. मी त्याला हाक मारली नाही.

भाऊ यायचा दिवस उजाडला. सकाळी शेण काढायला गोठ्यात गेलो, तर छपराच्या लाकडी मेढीवरून मुंग्यांची रांग उतरलेली. रांग गाडीच्या स्टँडवर चढून, इंजिनावरून, थेट त्या गोल झाकणाच्या फटीत शिरत होती. तेलापेट्रोलच्या वासाला मुंगी फिरकत नाही, तर या कशाला चालल्यात? झाकण काढलं. आत पॉइंटभोवती चिकट पाणी आणि त्यावर मुंग्याच मुंग्या. बोट लावून चाटलं. गोड.

मी तिथंच शेणात बसलो.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही, त्याला विहीरभर नारळ पाजले तरी ते फिरतं. ही गाडी मात्र ठिणगीवर चालणारी. मित्र दरवेळी ठिणगी आणून द्यायचा आणि मी दरवेळी, मी न आणलेल्या पॅकिंगच्या फटीतून, ती बुडवायचो. त्याच्या कामात कणाचीही चूक नव्हती.

पॉइंट पुसले, फुंकले, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून झाकणाखाली पॅकिंग केलं. तेल बघितलं. दोनदा बघितलं. आई माजघरात होती. ताट यायच्या आत किक मारली.

धडाड! आणि मग धबधब, धबधब, धबधब, छपराचे पत्रे थरथरायला लागले, म्हशीनं दावं ताणलं, मुंग्या वाट फुटेल तिकडे पळाल्या. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. आई धावत आली आणि औंधच्या दिशेला हात जोडून उभी राहिली. "पावली! तीन नारळ घेतलं, पर पावली!"

मी तसाच, शेणाच्या हातांनी कुंडलला गेलो. मित्र दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. गाडीचा आवाज त्यानं डोळे मिटून ऐकला. मग विचारलं, "काय हुतं?"

"नारळ," मी म्हणालो. "पॉइंटात. पॅकिंग मी आनलं न्हवतं. तुजं कायबी चुकलं न्हवतं गड्या."

त्यानं वाकून ट्यूबचं पॅकिंग बघितलं. मग हसता हसता उंबऱ्यावर बसला. "मेंढराला येवडा नारळ पाजला असतास, तर लय न्हाई पर वाटीभर दूध दिलं असतं त्यानं!"

त्या हसण्यात माझी माफी मागायची राहून गेली. तो गाडीवर मागं बसला, आम्ही स्टँडवर गेलो. एस.टी.तून भाऊ ट्रंक घेऊन उतरला, गाडीकडे बघितलं, इंजिनाला कान दिला. "रिंगा नव्या हायत," म्हणाला. "कुनी उघडलं?"

मी सगळं सांगितलं. तेल, डोंगर, नारळ. तिथंच, उतरणाऱ्या माणसांदेखत. मेंढरांचं बोललो तेही सांगितलं. मित्र दुसरीकडे बघत होता. भावानं माझ्या डोक्यात टपली मारली, ती प्रेमाची नव्हती. मग मित्राला म्हणाला, "तू चालव. ज्यानं जोडली त्यानं चालवायची. ह्यो मागं ट्रंक धरून बसंल."

ट्रंक मांडीवर घेऊन मी सगळ्यात मागं बसलो, अर्धा सीटवर, अर्धा हवेत. गावात शिरताना माणसं बघत होती आणि गाडी चालवत होता माझा मित्र. इतकी खुशीची स्वारी मी पुन्हा केली नाही.

दारात आई ताट घेऊन उभी होती. ताटात नारळ. आम्ही तिघं एकदम ओरडलो, "आये, नगं!"

"का रं?" तिनं विचारलं.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला, मित्रही. मी खाली उतरलो, नारळ हातात घेतला आणि पायरीच्या दगडावर, गाडीपासून लांब, फोडला. पाणी आईला, भावाला, मित्राला घोट घोट पाजलं. का, ते मी आईला तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही नाही. पुढे कुणाचंही इंजिन अडलं की ती सांगायची, "आमच्या गाडीनं तीन नारळ घेतलं, मगच फिरली."