डाव्या खांद्याची बंदूक

शिलाई मशीनला तेल घातलं की अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावाजवळचं ते बंदुकांचं दुकान आठवतं. आम्ही नुकतंच जंगलाच्या कडेला घर घेतलं होतं. नवरा कामासाठी बाहेरगावी गेला की मला तिथे भीती वाटायची. त्याला मात्र शेजारच्या अमेरिकन काकांबरोबर टर्की पक्ष्यांच्या शिकारीला जायचं होतं. दोघांत मिळून एकच बंदूक घ्यायचं ठरलं. बाहेर पानगळ सुरू होती, दुकानात तेलाचा आणि कॉफीचा वास भरला होता. पांढऱ्या मिशांच्या दुकानदाराने दोन पंप-अ‍ॅक्शन शॉटगन काउंटरवर ठेवल्या. नवऱ्याने लगेच पहिली उचलली. काकांकडे तशीच होती, आणि कित्येक महिने तो तिचेच व्हिडिओ बघत होता. "तूपण धरून बघ ना," तो म्हणाला. मी ती डाव्या खांद्याला लावली. चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेलं सेफ्टीचं बटण ट्रिगरपाशी, उजव्या हाताच्या सोयीचं होतं. माझं बोट ते चाचपडत राहिलं. त्याने ती हळूच काढून घेतली आणि दुसरी माझ्या हातात दिली. तिचं बटण वर मधोमध, थेट अंगठ्याखाली होतं. "हीच घेऊ," तो म्हणाला. "अरे, पण तुला ती हवी होती ना?" "तू डावखुरी आहेस यार. मी शिकेन हिच्यावर." परतताना गाडीत तो खुशीत शिकारीबद्दलच बोलत होता. आता तो नाही. परवा एका मैत्रिणीकडे जेवताना माझं डावं कोपर शेजारणीच्या हाताला सारखं लागत होतं. तो असता, तर मला न विचारता त्याने टेबलाच्या डाव्या टोकाला बसवलं असतं.