शांताबाईची चक्की आणि आमची दोन कडवी

प्लास्टिकच्या डब्यांच्या धंद्यात एक गंमत आहे. डबे विकले जातात आणि झाकणं उरतात. ती कशालाच बसत नाहीत, पण फेकवतही नाहीत. आमच्या प्रार्थनेच्या मंडळीचे किस्से माझ्याकडे असेच पोतंभर साठलेत. आज त्यातले काही बाहेर काढतो.

मंडळी म्हणजे दिग्रसमधली आणि आसपासची सात-आठ घरं. माझ्या गोदामामागं टिनाची खोली आहे, तिथं रविवारी सकाळी दहाला आमची उपासना. पास्टर यवतमाळहून एसटीनं येतात. एसटीला उशीर झाला की प्रवचन छोटं होईल अशी आशा वाटते. अजून तरी तसं झालेलं नाही.

*

रविवार म्हणजे खेड्यापाड्यांतल्या गिऱ्हाइकांचा दिवस. म्हणून गाण्यांची कडवी कमी करायचा प्रस्ताव मीच मांडला. पहिलं म्हणायचं, शेवटचं म्हणायचं, आणि बसायचं.

पास्टर म्हणाले, "शेठ, मधल्या कडव्यांनी तुमचं काय घोडं मारलं?"

"काही नाही, पास्टरजी. पण ते देवाले पाठ हायेत. त्याले ऐकवाले दुकान कायले बंद ठेवता?"

एरवी चटई कुठल्या रंगाची आणायची यावर आमचं एकमत होत नाही. हा प्रस्ताव दोन मिनिटांत मंजूर झाला.

*

दर महिन्याला एकदा साक्षीचा कार्यक्रम असतो. विश्वासापायी काय सोसलं, ते ज्यानं त्यानं उठून सांगायचं.

सॅम्युअल सर निवृत्त शिक्षक, आमच्यातले सर्वांत बोलके. त्यांची साक्ष अशी, की प्रार्थनेला यायचं म्हणून नातेवाइकाकडचं जेवण हुकलं, आणि मागाहून कळलं की तिथं मटण होतं. सांगताना सरांनी चष्मा काढून पुसला. मी सांगितलं की खोलीत पंखा नसल्यानं उन्हाळ्यात देह कसा तापतो. पंखा बसवायचं काम माझ्याकडेच होतं, तेवढं मात्र सांगितलं नाही.

मग शांताबाईची पाळी आली. ती उठली, म्हणाली, "बरं हाय सारं," आणि बसली.

आता ही शांताबाई कोण, ते सांगतो. दिग्रसपासून थोड्या अंतरावर एका खेड्यात तिची पिठाची चक्की आहे. नवरा गेल्यावर ती आमच्यात येऊ लागली. गावात कळलं, पारावर बैठक बसली, आणि हिच्याकडं दळण टाकायचं नाही असं ठरलं. दिवाळीपासून चक्की बंद. बाई परगावी कापूस वेचायला जाते. चक्कीची मोटर विकत घ्यायला भंगारवाला दोनदा येऊन गेला.

तर, "बरं हाय सारं."

*

तिच्यासाठी काहीतरी करायला हवं, असं मंडळीत निघालं. सॅम्युअल सर म्हणाले, "शुक्रवारी सर्वांनी उपास करू."

सगळे हो म्हणाले. मग कोणीतरी विचारलं, चहा चालेल का? चहा चालेल. केळं? केळं तर फळच आहे. साबुदाण्याची खिचडी? त्यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी शेंगदाण्याचा कूट कमी घालून खिचडी मंजूर झाली.

शांताबाई कोपऱ्यात ऐकत होती. ती म्हणाली, "भाऊ, माह्यासाठी उपाशी कायले राह्यता? तुमच्या घरचे गहू दळाले आना की."

सात-आठ घरं, आणि सगळ्यांकडं पिठाचं पाकीट येतं. सर म्हणाले, तुझं गाव जरा आडवळणाला आहे. मी म्हणालो, बायकोला विचारून सांगतो.

उपास मात्र आम्ही अगदी मनापासून केला. खिचडी चांगली झाली होती.

*

पारावरची ती बैठक ज्यांनी बसवली ते नामदेवराव, गावातले मोठे शेतकरी. माणूस माझ्या दुकानात येतो, चहा पितो, गोड बोलतो. एकदा ते तिच्या दारात गेले.

"शांताबाई, आम्ही काही तुले देव बदल म्हनत नाही. फक्त रविवारी तिकडं जाऊ नको. सकाळी चक्की चालू ठेव, सारं गाव दळण घेऊन येते."

"मंग बाकीचे सहा दिवस या ना, दादा. चक्की कुठं पळून चालली?"

"दोन घंट्यासाठी कायले पोट मारून घेते?"

"दोनच घंटे हायेत, तर तुमी कायले मांगून राह्यले?"

नामदेवराव उठले. दुसऱ्या दिवशी भंगारवाला तिसऱ्यांदा आला.

*

माघातल्या एका रविवारची गोष्ट. नामदेवरावांच्या घरी नवसाच्या रोडग्यांची पंगत होती. रोडगे म्हणजे गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे जाड गोळे; त्यांना जाडसर पीठ लागतं, पाकिटातलं चालत नाही. आचारी आले, गोवऱ्या रचल्या, वांगी चिरून झाली, आणि गावातल्या दुसऱ्या चक्कीची मोटर जळाली.

साडेनऊला नामदेवराव गव्हाची पोती घेऊन शांताबाईच्या दारात. ती पातळ बदलून निघालेली.

"अवं, पाचशे मानूस जेवाले येते."

"ठेवा पोते. प्रार्थना झाली की दळून देतो."

"एसटीनं गेली तर तू दुपारी येशीन!"

"मंग तुमी सोडा."

आमच्या खोलीच्या दारात मोटारसायकल थांबली आणि मागून शांताबाई उतरली. पुढं हँडल धरून, रुमालानं तोंड पुसत, नामदेवराव. मी म्हणालो, "या ना आत." ते म्हणाले, "नाही, मी इथंच बरा हाव." आणि उन्हात बसले.

आत गाणं सुरू होणार, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. थोड्या वेळानं पुन्हा. सॅम्युअल सरांनी घड्याळ पाहिलं. पास्टरांना दया आली असावी. ते म्हणाले, "शांताबाई, बाहेर तो माणूस खोळंबलाय. आज एकच कडवं म्हणून आटपायचं का?"

शांताबाईनं पदर नीट केला, गाण्याचं पुस्तक उघडलं, आणि म्हणाली,

"नाही, पास्टरजी. आज सारे कडवे म्हनू."