भिंतीकडे पाठ करून

आख्खी गल्ली जी भिंत बघायला थांबायची, तिच्याकडे पाठ करून बसणारी बाई म्हणजे आमची शकूमावशी. दिवेलागणीला ती बटण दाबायची, अंगणापलीकडच्या भिंतीवर आधी निळे आणि मग नाना रंगांचे दिवे धावायला लागायचे, आणि ही बया तात्यांच्या खाटेसमोर स्टूल टाकून त्यांच्या डोळ्यांत बघत बसायची. तिथे दिव्यांचे बारीक ठिपके चमकायचे. ते चमकले की विचारायची, "दिसतंय ना?"

"तर! निळा लई झ्याक हाय," तात्या म्हणायचे.

तात्या तिचे यजमान. साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर त्यांचा जन्म गेला. आता काचबिंदूने नजर चालली होती. गेलेली परत येणार नाही, राहिलेलीही टिकेल असं नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. मावशीने ते कानाआड केलं. गणपतीत पुतण्याने आराशीला तसली एक माळ लावली, तेव्हा तात्या उठून बसले होते आणि म्हणाले होते, "शके, हे मला दिसतंय!" झालं, त्या एका वाक्यावर बाई पिसाटली.

मी शेजारची, ब्लाऊज शिवणारी. माझा न् विजेचा संबंध शिलाई मशीनच्या मोटारीपुरता. पण मावशीच्या तावडीतून सुटेल तो शहाणा. "तुझी बोटं बारीक कामाची हायेत, ये हिकडं. धर ही तार." त्या माळेत तीन तारा असतात हे मला तिनेच शिकवलं. दोन विजेच्या आणि मधली निरोपाची. कोणता रंग लावायचा हा निरोप पहिला दिवा ऐकतो, आपल्यापुरता ठेवून घेतो आणि बाकीचा पुढच्याला देतो. मधली तार तुटली, की वीज असूनही पुढे सगळा अंधार.

माळ लांबत गेली तसे शेवटचे पांढरे दिवे तांबूस पडायला लागले. वीज तिथवर पुरत नव्हती. मावशीची पाचावर धारण बसली. "त्यांना वाटंल आपली नजरच बिघडली," म्हणत तिने जाड वायर ओढून शेवटच्या टोकालाही वीज जोडली. सोल्डरिंग करताना बोटं भाजली की फुंकर मारायची न् पुन्हा बसायची.

एकदा मीच वैतागले. "मावशी, किती दिवे लावशील गं? डॉक्टर काय म्हणाले ते..."

"गप बस! डाक्टर कवातरी टॉर्च मारून बघतोय. मी रोज बघती. ठिपके हायेत अजून. मला न्हाई त्यांना अंधारात जाऊ द्यायचं, कळलं का तुला?" तिचा आवाज फाटला. मी पुन्हा तार धरली.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. मी अंगणात होते. मावशीने बटण दाबलं. खाटेजवळच्या खिडकीत माळेला वीज पुरवणारा डबा होता, त्यातला छोटा पंखा रोजच्यासारखा घरघरू लागला. भिंत मात्र काळी ती काळीच. दुपारी मांजर भिंतीवर नाचलं होतं, त्यात मधली तार सुटली असणार. मी हाक मारणार, तेवढ्यात तात्यांचा खुशीतला आवाज आला, "वा! आज निळा लई खुललाय गं, शके."

पंख्याच्या घरघरीवरून ते रंग सांगत होते. कधीपासून, देव जाणे! आणि मावशी समोर बसून त्यांच्या रिकाम्या डोळ्यांत बघत होती.

ती उठून अंगणात आली. माझं मनगट गच्च धरलं. "आवाज करू नको. तार जोड."

"अगं मावशी, पण आता..."

"जोड म्हणती ना! निळा म्हणालेत ते. त्यांचं बोलणं खोटं पडायला नको."

मी सुटलेली तार पिळून जोडली. भिंत निळीशार झाली.

"शके, कुठं गेलीस? ये की बसायला."

ती आत जाऊन स्टुलावर बसली, भिंतीकडे पाठ करूनच. तात्यांच्या डोळ्यांत निळे ठिपके पुन्हा चमकत होते. "दिसतंय ना?" तिने रोजच्याच आवाजात विचारलं.

"तर!"

तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसायला तिने पदर उचलला, तात्यांकडे एकवार बघितलं, आणि पदर तसाच सोडून दिला.