बोट दाबायचं नाही

माझी ताई गावच्या दवाखान्यात नर्स आहे, आणि तिथं तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. मोठं रुग्णालय दोन तासांवर. इथली प्रयोगशाळा म्हणजे काडेपेटीएवढी एक चपटी डबी. आत केसाएवढ्या बारीक वाटा. रक्ताचा थेंब सोडला की तो आपसूक पुढे सरकतो आणि पंधरा मिनिटांत रेघा उमटतात. एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर हृदयाला इजा.

ताईचा नियम एकच, टोचलेलं बोट दाबायचं नाही. दाबलं की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि डबी फसते. यावरून कंपाउंडरनं तिची इतकी बोलणी खाल्लीत, की तो बिचारा आता लिंबूसुद्धा जपून पिळत असेल.

त्या दिवशी सकाळपासून माझी छाती जड होती. दुपारी बायकोनं मला ओढतच तिथं नेलं. ताई म्हणाली, "सरळ मोठ्या रुग्णालयात जा."

"दोन रेघा आल्या तरच जाईन," मी अडून बसलो. हट्टीपणा आमच्या घरात सगळ्यांना सारखाच वाटून आलाय.

तिनं बोट टोचलं. हात गार पडलेला, रक्त येईना. मग थेंब आला आणि पंधरा मिनिटांनी एकच रेघ. बायकोचा जीव भांड्यात पडला. मी चपला घातल्या.

"बस खाली."

"अगं, पित्तच आहे."

"बस म्हणते ना! बोट दाबलं मी."

कंपाउंडर बघतच राहिला. ताईनं चूक कबूल केलेली मीही कधी पाहिली नव्हती. लहानपणी आईची काचेची बरणी तिनं फोडली आणि मार मी खाल्ला. आजतागायत ती कानावर हात ठेवते.

डबी आता एकच उरली होती. तिनं माझा हात कोमट पाण्यात धरला, दुसरं बोट टोचलं आणि थेंब आपोआप येईपर्यंत थांबली. मला दरदरून घाम सुटला होता. बायको घड्याळाकडे बघेना. पहिली रेघ आली. मग तिच्याशेजारी दुसरी, आधी पुसट, मग ठळक.

ताईनं मला रक्त पातळ करायची गोळी चावायला लावली आणि रुग्णवाहिकेत माझ्याशेजारी बसली. माझा हात तिनं सोडला नाही.

"ती बरणी मीच फोडली होती," ती म्हणाली.

तेव्हा मात्र मी घाबरलो.